पार्बताकाकूचं दार

हे मी आजपर्यंत कोणाजवळ बोललेली नाही. आईजवळ नाही, आमच्या सरांजवळ नाही, जिच्यासोबत डबा आणि मोजे दोन्ही वाटून घेते त्या वैशालीजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तरी तुमच्यापुढे तोंड उघडतेय — की ओळखत नाही म्हणून सोपं जातंय? बहुतेक तसंच असावं. माझा भित्रेपणा असा पहिल्या ओळीपासूनच सोबत असतो, सवय करून घ्या.

मी पळते. आठशे मीटर. सदर भागातल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, आणि अभ्यासापेक्षा पायांच्या जोरावर तिथे टिकून आहे असं सगळेच म्हणतात. राहते सावनेर रोडच्या बाजूच्या वस्तीत. पहाटे उठायचं, बूट बांधायचे, गल्लीतून पळत वळणावर यायचं आणि तिथून मोठ्या रस्त्याला लागायचं. शाळेत होते तेव्हापासून हाच रस्ता आहे.

त्या वळणावर पार्बताकाकूचं घर होतं. एक खोली, पुढे ओटा, निळं दार. ती एकटी राहायची. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. तुम्हाला एव्हाना ती गरीब बिचारी वाटायला लागली असेल, पण तशी ती नव्हती. तोंडाची फटकळ होती. आमच्या गल्लीतल्या कुरड्या तिच्याशिवाय होत नसत. उन्हाळ्यात कोणाच्याही गच्चीवर चीक शिजायला लागला की ती पातेल्यावर कब्जा करायची आणि बाकीच्या बायकांना हाकलून लावायची. तिच्या हातच्या कुरड्या तेलात टाकल्या की अशा फुलायच्या की आई स्वतःच्या कुरड्यांवर चिडायची.

पहाटे मी निघायचे तेव्हा ती सडा टाकत असायची. माझी चाहूल लागली की बादली पायाने बाजूला सारायची आणि ओरडायची, "पय वं माय, पय!" पळ म्हणायची नाही कधी, पयच. थंडीत इतकं धुकं असायचं की ती दिसायची नाही, नुसता आवाज यायचा. मला तो आवाज आवडायचा. खरंच आवडायचा.

आता पायाचं सांगते. नाही — आधी फ्लेक्सचं सांगायला हवं.

दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी होती. गल्लीतल्या पोरांना काय हुक्की आली कोण जाणे, त्यांनी निवड व्हायच्या आधीच चौकात माझा फ्लेक्स लावला. 'आपल्या वस्तीची शान.' मधे मी, आणि माझ्या भोवती डझनभर पोरांचे गॉगल लावलेले फोटो. मी हसले. चाचणीच्या दिवशी पहाटे निघाले तेव्हा काकू ओट्यावर उभी होती. "हरणीवानी पयते वं तू," ती म्हणाली. "आज तं बक्षीस आणतेच तू."

मी नाही आणलं. पहिल्या फेरीतच दोन मुली पुढे गेल्या. मग तिसरी गेली. दुसऱ्या फेरीच्या वळणावर मला स्वच्छ दिसलं की मी हरणार — थोडक्यात नाही, सपशेल. आणि मी काय केलं? पोटरी धरली आणि खाली बसले.

माझ्या पायाला काहीही झालं नव्हतं.

बघा, लिहिताना एवढंसं वाक्य झालं. सर धावत आले, स्प्रे मारला, वैशालीने खांदा दिला. मी लंगडत गेले. घरापर्यंत लंगडले. फ्लेक्सखालून जाताना तर जरा जास्तच लंगडले. डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला, पण त्यांना काहीच सापडलं नाही. सापडणार कसं? आराम कर म्हणाले.

इथे थांबलं असतं तर ही नुसती एका पळपुट्या मुलीची फजिती झाली असती. पण आमच्याकडे माझी मोठी आई आहे, बाबांची वहिनी. माझ्यावर तिचा फार जीव. डॉक्टरला काही दिसलं नाही हे ऐकल्यावर तिचा चेहराच बदलला. "डाक्टरले दिसून नाही राह्यलं, म्हणजे मंग हे डाक्टरचं कामच नाही," ती म्हणाली. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या तिने माझ्यावरून उतरवल्या आणि तापलेल्या तव्यावर टाकल्या. दृष्ट असली की मिरच्यांचा ठसका येत नाही, असं म्हणतात.

ठसका आला नाही.

मिरच्या काळ्या पडल्या, धूर झाला, खोली निळसर झाली. आई, मोठी आई, मी, तिघी त्या धुरात बसलो होतो आणि कोणालाही साधा खोकला आला नाही. का आला नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. मिरच्या जुन्या असतील, खिडकी उघडी असेल. पण त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला, कारण पायाचं दुखणं खोटं आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि त्या मिरच्या माझ्या बाजूने साक्ष देत होत्या.

"सकाळी कोणाचं तोंड पाह्यलं होतं?" मोठ्या आईने विचारलं.

"पार्बताकाकूचं."

"काही म्हणे का ते?"

"हरणीवानी पयते म्हणाली."

यातला एक शब्दही खोटा नाही. तुम्ही कधी असं केलंय का — निव्वळ खरं बोलून खोटं? मोठ्या आईने आईकडे पाहिलं, आईने खाली पाहिलं. मला वाटलं, चला, सुटले. आता कोणी माझ्या पायाबद्दल विचारणार नाही. आणि खरंच त्यानंतर पायाबद्दल कोणीच काही विचारलं नाही.

दोन दिवसांत ते गल्लीभर झालं. मारहाण वगैरे झाली नाही. कोणी तिच्या दारात जाऊन भांडलंही नाही. आमची गल्ली तशी सभ्य आहे. फक्त ती समोरून आली की बायका कडेवरच्या लेकराचं तोंड पदराखाली घ्यायच्या. वैशालीची आई तेवढी म्हणाली, "असं काही नसते वं, बाबासाहेबांनी काय शिकवलं आपल्याले?" पण ती दुसऱ्या गल्लीतली, तिचं कोण ऐकतं? कोणाचं तरी दूध नासलं, कोणाची तरी गाडी घसरली, आणि प्रत्येकाला आदल्या दिवशीची पार्बताबाई आठवायला लागली. त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर चीक शिजला तेव्हा तिला कोणी बोलावलं नाही. ती खाली तिच्या ओट्यावर बसून वर बघत होती. मग कोणीतरी गच्चीच्या कठड्यावर चादर वाळत घातली.

मी महिनाभर आराम केला आणि पुन्हा पळायला लागले. पहिल्याच पहाटे वळणाजवळ आले तर सडा टाकून झालेला होता, जमीन ओली होती, पण ती नव्हती. मी जवळ येताच निळं दार आतून बंद झालं. कडी लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. मी कितीही लवकर निघाले, कधी मुद्दाम हळू पळाले, बूट काढून हातात घेऊनसुद्धा गेले — हो, गेले, हसू नका — तरी माझ्या चार पावलं आधी ती कडी लागायची. ती दाराला कान लावून बसत असेल का? अंधारात, माझ्या पायांची वाट बघत? मला भीती वाटायची. कोणाची, ते विचारू नका. मी दुसऱ्या रस्त्याने जाऊ शकत होते. तेही मी केलं नाही, कारण रस्ता का बदलला असं कोणी विचारलं असतं तर?

आता ते सांगते, ज्याच्यासाठी इतका वेळ गोल गोल फिरतेय. ती पोटरी नाही, त्या मिरच्याही नाहीत.

एका संध्याकाळी मी किराणा दुकानात गेले. आत कोपऱ्यात काकू उभी होती. माझा आवाज ऐकून तिने पदर ओढला, डोळ्यांवरून खाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. चिप्सची पाकिटं लटकवलेली असतात ना, त्या पाकिटांकडे तोंड करून ती उभी राहिली. आणि तशीच, न वळता बोलली.

"पोरी, पाय दुखते का वं अजून?"

मी हातातली पिशवी उलगडत राहिले.

"मी नाही पाहत आता तुह्याकडं. आवाज आला का दार लावून घेते. मले काय माहीत वं माय, माह्या डोयात असं काही हाये म्हणून." तिचा आवाज तोच होता, धुक्यातून यायचा तो, फक्त खाली आलेला. "अजूनही दुखत असंन तं सांग मले. मी जाते मंग इथून. भावाकडं जाते."

ती फटकळ बाई. तिने भांडायला हवं होतं, मला शिव्या द्यायला हव्या होत्या. पण तिने ते मानलं होतं. स्वतःच्या डोळ्यांना ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती.

'नाही दुखत' एवढंच म्हणायचं होतं मला. दोन शब्द. दुकानदार पुडी बांधता बांधता थांबून ऐकत होता.

मी म्हणाले, "हो. थोडा."

तिने मान हलवली. तिचा सौदा तिथेच ठेवून ती भिंतीला धरत, पदराखालून जमीन बघत बाहेर गेली. पुढच्या आठवड्यात निळ्या दाराला बाहेरून कुलूप होतं. त्या पहाटे मी वळणावर आले, आणि कुलूप डोळ्यांनी दिसत असताना मला आतून कडी लागल्याचा आवाज आला. तुम्ही म्हणाल, भास. मीही तसंच म्हणते.

यंदाच्या हिवाळ्यात कॉलेजचं शिबिर सावनेरकडच्या एका गावात होतं. खेळाडूंनाही आजूबाजूचे प्रश्न कळायला हवेत, नुसतं मैदान पुरत नाही, असं प्राचार्यांचं मत. शिबिराआधी समाजशास्त्राच्या मॅडमनी आमचे तास घेतले. दारू झाली, हुंडा झाला, मग अंधश्रद्धा. मॅडम म्हणाल्या, दुखण्याचं कारण सापडलं नाही की लोक माणूस शोधतात, आणि बहुतेक वेळा एकटी बाई सापडते. मॅडम आमच्या गल्लीत कधी आलेल्या नव्हत्या. मला वाटत होतं हे फक्त मी केलंय. तर याला नाव होतं, याच्यावर कायदा होता, परीक्षेत याच्यावर प्रश्न येत होता.

शिबिरासाठी पथनाट्य बसवलं. जिच्यावर करणीचा आळ येतो त्या बाईचं काम मला दिलं, कारण नाटकात गाव तिच्या मागे लागतं आणि मला पळता येतं. तालमीत मी काहीही न ठरवता पदर डोळ्यांवर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मॅडमनी टाळी वाजवली. "अगं, हे कुठून सुचलं तुला?"

"सहजच," मी म्हणाले.

गावात उन्हं उतरताना नाटक सुरू झालं. देवळापुढच्या मोकळ्या जागेत माणसं गोल बसली होती. मी पळायला लागले, अनवाणी, गोल गोल. दुसऱ्या फेरीला माझं लक्ष मागच्या रांगेत गेलं. तिथे बसलेली एक बाई हळूच वळली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. सगळं गाव आमच्याकडे तोंड करून, आणि ती एकटी उलटी. तिने मला पाहिलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं तिने फक्त पाय ऐकले.

मी पदर ओढून उभी राहिले तेव्हा लोक हळहळले. तिच्यासाठीचीच हळहळ, तिच्या पाठीमागे. नाटक संपल्यावर मॅडमनी मला दोन शब्द बोलायला लावले. मी छान बोलले. अंधश्रद्धा आपल्याच घरातून सुरू होते, असंसुद्धा म्हणाले. टाळ्या पडत असताना ती बाई उठली आणि गल्लीकडे चालू लागली. समोरून एक लहान मुलगी पळत आली, फ्रॉक सांभाळत, जोरात. बाईने घाईने पदर डोळ्यांवर ओढला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली, ती मुलगी पुढे जाईपर्यंत.

ती काकूच होती; तिच्या भावाचं गाव हेच असणार. आमच्या दोघींमध्ये शंभर मीटरही अंतर नव्हतं. तेवढं मी किती वेळात कापते हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. मी उभी राहिले. कोणीतरी हातात चहाचा कप दिला, तो प्यायले.

शिबिराहून परतले तेव्हा अनवाणी पळून पोटरी खरंच भरून आली होती. मला लंगडताना पाहून मोठी आई लगबगीने उठली, मिरच्यांचा डबा काढला. तव्याखाली गॅस पेटवला आणि माझ्याकडे न बघता तोच प्रश्न विचारला.

"कोणाचं तोंड पाह्यलं होतं वं?"

"कोणाचंच नाही," मी म्हणाले.

यातही खोटं काही नव्हतं. तिचं तोंड मला दिसलंच नव्हतं. मिरच्या तव्यावर पडल्या, आणि या वेळी असा ठसका उठला की आम्ही तिघी खोकत, डोळे पुसत अंगणात आलो. मोठी आई हसायला लागली. "पाह्य, काहीच नाही तुले," ती म्हणाली.

निळ्या दारात आता नवे भाडेकरू आहेत, त्यांचं दार पहाटे सताड उघडं असतं. मी वळणावर येते आणि तरीही कडी लागते. सावनेरच्या गाड्या सीताबर्डीहून सुटतात, कॉलेजातून येताना मला त्या रोज दिसतात, कंडक्टर ओरडत असतो, खिडकीजवळची जागाही रिकामी असते. तासाभराचा रस्ता आहे. मी गेलेली नाही.