भरली टाकी

माझे मेहुणे अच्युतराव हे मुळात गाडी दुरुस्त करणारे गृहस्थ नव्हेत. विमा कचेरीत कारकुनी, मल्हारगंजात वडिलोपार्जित दोन खोल्या वर आणि एक खाली, आणि स्वभाव असा, की भाजीवाल्यानं कमी तोललं तरी हेच ओशाळतील. माझी बहीण सुलोचना याच्या अगदी उलट. तोंडानं तिखट, मनानं नारळ. पण तो नारळ फोडायची कोणाची छाती नाही.

या माणसानं एके दिवशी महूच्या भंगारातून एक गाडी टेम्पोत घालून आणली. माती-खड्ड्यांतून उड्या मारत पळवतात ती, डर्ट बाइक. चाकांना तारा नाहीत, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, इंजिन जाम. सुलोचना दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हे काय उचलून आणलंत? दादा, तू तरी बघ रे, डोकं फिरलंय यांचं!"

डोकं फिरलं नव्हतं. संहिता, त्यांची एकुलती एक लेक, मित्रमैत्रिणींच्या गाड्या मागून मातीतल्या शर्यतींत उतरायची, आणि दुसऱ्याची गाडी म्हणून जपून चालवून हरायची. एकदा हरून आली आणि जेवली नाही. त्यानंतर आठवड्याच्या आत ही गाडी आली. लेकीला बाप तोंडानं काही म्हणाला नाही. ते त्यांना जमतही नाही.

मग खालच्या खोलीत दोघांचं काम सुरू झालं. पिस्टन नवा, रिंगा नव्या, क्लचप्लेटा, साखळी, दोन्ही चाकांच्या तारा. एकेक भाग शोधायला अच्युतराव कचेरी सुटल्यावर बाजार पालथा घालत. मी खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचो. "अच्युतराव, आता हिच्यात जुनं काय उरलं?" ते हसून म्हणायचे, "नंबर उरला, दादा."

एकच भाग मिळाला नाही. या जातीच्या इंजिनाला पेट्रोलमधूनच तेल पाजावं लागतं, आणि ते तेल आपोआप मिसळणारा छोटा पंप कुठेच सापडेना. अच्युतरावांनी ती जागा बंद करून टाकली आणि ठरवलं, की तेल हातानं मोजून कॅनमध्ये मिसळायचं आणि मग टाकीत ओतायचं. संहितेला शंभरदा बजावलं, "नुसतं पेट्रोल चुकूनही नाही. तेल नसलं तर इंजिन चालता चालता गच्च धरतं, मागचं चाक जागीच थांबतं."

"हो बाबा, पक्का. किती वेळा सांगणार यार!"

हे खाली चाललेलं. वर सुलोचना भांडी आपटत होती. पोरीचं लग्नाचं वय, हात-पाय मोडले तर कोण विचारील, वगैरे. तिनं सहा महिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. चहासुद्धा जिन्यावर ठेवून हाक मारायची.

सिमरोलजवळच्या माळावर शर्यत होती त्या सकाळी मी लवकर गेलो. अच्युतराव आंघोळीला, संहिता कपडे करत होती. स्वयंपाकघरात सुलोचना दही घुसळत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, टाकी भरून आलेय मी."

"कसली टाकी?"

"गाडीची. भाजी आणायला गेले तेव्हा पंपावरून डबा भरून आणला. नवी गाडी पहिल्यांदा घराबाहेर पडतेय, रिकामी कशी पाठवू? शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत देत नाही. लेकीची ओटी भरून पाठवतात, तशी ही." मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "सांगू नकोस कुणाला. म्हणतील, आई वितळली."

मला काय कळतंय गाडीतलं! मला तर आनंदानं भरून आलं. सहा महिन्यांचा रुसवा असा पेट्रोलमधून सुटला म्हणून मी तिच्या पाठीवर थाप मारली.

माळावर संहितेनं टाकीचं झाकण उघडलं, भरलेली बघितली आणि तिला वाटलं, बाबांनी भरली. अच्युतरावांनी तिला झाकण लावताना पाहिलं आणि त्यांना वाटलं, पोरीनं कॅन ओतला. इंजिनात आदल्या दिवशीच्या तेलाचा ओलावा होता, त्यावर दोन फेऱ्या निघाल्या. काय सुंदर निघाल्या! संहिता सगळ्यांच्या पुढे. अच्युतराव, आयुष्यात कधी आवाज न चढवणारा माणूस, "चल बेटा! चल!" म्हणून ओरडत होते.

तिसऱ्या फेरीत उतारावर गाडीनं एकदम दम सोडला, मागचं चाक थिजलं आणि पोर हँडलवरून पुढे फेकली गेली.

गळपट्टीचं हाड आणि उजवा गुडघा. दवाखान्यात न्यायला लोकांनी तिला उचललं. अच्युतरावांनी टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, दोन बोटांत चोळून पाहिलं. बोटं कोरडी. तेलाचा बुळबुळीतपणा नाही. मग त्यांनी टेम्पोतला आपला कॅन उचलला. तो भरलेलाच होता.

"दादा, टाकी कोणी भरली?"

मी सांगितलं. न सांगून चाललं नसतं, त्यांचा चेहराच तसा होता. ते खाली मातीतच बसले. मग म्हणाले, "हे सुलोचनेला कळता कामा नये. तिनं एवढ्या दिवसांनी एकदाच हो म्हटलं, ते असं म्हटलं. कळलं तर जगायची नाही ती."

दवाखान्यात सुलोचना धावत आली आणि पहिला प्रश्न तोच, काय झालं? अच्युतराव म्हणाले, "माझी चूक. रिंग बसवताना चुकलो. इंजिन धरलं."

पलंगावर संहिता जागी होती. तिनं बापाकडे पाहिलं. ती नजर मला आजही सहन होत नाही. ज्या हातांवर विश्वास ठेवून ती उतारावर सुटली, ते हात चुकले होते, आणि तो माणूस स्वतःच तसं सांगत होता.

पुढचं वर्ष त्या घरात वाईट गेलं. सुलोचनेला आयतं कोलीत मिळालं. जेवताना, पाहुण्यांपुढे, लग्नकार्यात, "ह्यांच्या हौसेपायी पोर लंगडली." अच्युतराव ताटाकडे बघत ऐकून घेत. मला कितीदा वाटलं, ओरडून सांगावं. माझीच बहीण, पण तोंडाला लगाम म्हणून नाही. ते मात्र डोळ्यांनीच मला गप्प करत.

संहिता बरी झाली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, पोरगी पुन्हा खालच्या खोलीत उतरली. गाडी तिनं स्वतः खोलली, पिस्टन नवा मागवला. अच्युतराव पाना घेऊन पुढे झाले, तर ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही नका हात लावू. प्लीज. मी करते." रागानं नाही बोलली, म्हणून जास्त लागलं. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायचे आणि तिला पाहायचे. एखादी वस्तू मागितली तरच उचलून द्यायचे.

परत शर्यतीचा दिवस आला. मी पोचलो तर देवघराजवळ पेट्रोलचा डबा, वर कुंकवाचं बोट. सुलोचना कानात म्हणाली, "मागच्या वेळी मी मनातनं भरून पाठवली, ह्यांनी माती केली. या वेळी काही होणार नाही बघ." आणि दही आणायला आत गेली.

अच्युतरावांनी तो डबा पाहिला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हणालो, "आता तरी सांगा तिला." त्यांनी मान हलवली, माळ्यावरची तेलाची बाटली काढली, माप लावलं आणि डब्यात ओतू लागले. थोडं फरशीवर सांडलं.

"बाबा, हे काय करताय?" संहिता दारात उभी.

ते दचकले. "काही नाही. आई टाकी भरणार आहे ना, म्हणून तेल."

"आई भरणार?" ती डब्यावरच्या कुंकवाकडे बघत राहिली. "मतलब... मागच्या वेळीपण?"

अच्युतरावांनी बाटलीचं बूच लावलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो, तेवढं उत्तर तिला पुरलं. तिचे डोळे भरले. तिनं डबा उचलला, खाली जाऊन टाकीत ओतला आणि मागोमाग उतरलेल्या बापाच्या हातात पाना दिला. "मागच्या चाकाचा नट ढिला वाटतोय बाबा. तुम्हीच आवळा."

नट ढिला नव्हता. अच्युतराव तरी बसले आणि आवळू लागले.

तेवढ्यात सुलोचना दह्याची वाटी घेऊन जिन्यानं उतरली आणि तिथूनच कडाडली, "परत ह्यांच्या हाती देतेस? संहिता, एकदा झालं ते पुरे नाही झालं?"

संहितेनं तोंड उघडलं. बापानं खालूनच तिच्याकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून. पोरीनं गिळलं ते मला दिसलं.

"मी बघतेय आई, लक्ष आहे माझं," ती म्हणाली आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

सुलोचना पुटपुटत जवळ आली. तिनं लेकीच्या तळव्यावर दही ठेवलं, माझ्या ठेवलं. अच्युतरावांचे हात ग्रीसनं माखले होते. त्यांनी ते पुढे केले नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही.