नऊ वाजताचा धूर

विल्फ टनिक्लिफने आयुष्यभर भट्ट्या पेटवल्या. स्टोकच्या एका चिनी मातीच्या कारखान्यात तो भट्टीवाला होता. कपबशा किती भाजायच्या हे तो भट्टीच्या तोंडाशी उभा राहून नुसत्या रंगावरून सांगायचा, आणि आग या विषयावर त्याच्यासमोर दुसऱ्या कुणी तोंड उघडलेलं त्याला खपायचं नाही. अशा माणसाला म्हातारपणी त्याच्या बोटीतली दोन वीत रुंदीची लोखंडी शेगडी रात्रभर धगधगती ठेवता येऊ नये, हा देवाने केलेला चावटपणा होता. रोज सकाळी शेगडी विझलेली असायची आणि रोज सकाळी दोष कोळशाचा असायचा.

बोटीचं नाव ‘मिडसमर’, म्हणजे ऐन उन्हाळा. जानेवारीत त्या बोटीत बसून चहा प्यायचा तर हातमोजे काढता येत नसत.

आमच्या काल्डन कालव्यावरच्या बोटी म्हणजे लांबीला ट्रकपेक्षा मोठ्या आणि रुंदीला रिक्षापेक्षा थोड्याशा जास्त. स्वयंपाकघरातून झोपायच्या जागेकडे जाताना दुसरा माणूस समोरून आला, तर एकाने सोफ्यावर बसून घ्यायचं. मी अशाच एका बोटीवर इतकी वर्षं राहतोय, की जमिनीवर झोप लागत नाही. कोल्हापुरात माझी आई शेजाऱ्यांना एवढंच सांगते, की मुलगा विलायतेत बोटीवर असतो. ऐकणाऱ्यांना कॅप्टन वाटतो, आणि ती काही त्यांची समजूत काढायला जात नाही.

विल्फची बोट माझ्या पुढची, आणि त्याच्या पुढची म्युरिएलची. म्युरिएल साठीची, आवाज खणखणीत, जिल्ह्यात कुणाचं काय चाललंय याची इत्थंभूत माहिती असलेली बाई. आमच्या काठावर एक नियम होता आणि तो विल्फनेच घातलेला होता. एका हिवाळ्यात अर्नल्ड नावाचा आमचा शेजारी बोटीत घसरून पडला, पाय मोडला, आणि दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. ज्याला त्याला वाटलं, गेला असेल बहिणीकडे. शेवटी विल्फलाच त्याचं कण्हणं ऐकू आलं. त्याच दिवशी विल्फने सगळ्यांना पायवाटेवर उभं करून दम भरला.

“सकाळी शेगडी उकरली की प्रत्येकाच्या चिमणीतून थोडा तरी धूर येतो. येतो ना? मग चर्चचे नऊचे टोले पडले आणि धूर दिसला नाही, तर शेजाऱ्याने दार ठोठवायचं. लाजायचं नाही, विचार करत बसायचं नाही. ठोठवायचं.”

तेव्हापासून आम्ही ठोठवत आलो. मीच दोनदा जास्त झोपलो म्हणून शिव्या खाल्ल्या आहेत.

पुढे विल्फची बायको ग्लॅडिस गेली, आणि मुलगी लोरेन बापाच्या मागे लागली. टेकडीवर म्हाताऱ्यांसाठी नवी इमारत झाली होती. गरम खोल्या, मऊ गालिचे, लिफ्ट. तिने एक खोली बापासाठी धरूनच ठेवली. विल्फ म्हणाला, मी काय भाजलेली कपबशी आहे, कपाटात मांडून ठेवायला? दोघं महिनाभर भांडली. शेवटी लोरेन ऑक्टोबरात आली आणि माझ्या व म्युरिएलच्या देखत तिने अट घातली.

“बाबा, हा हिवाळा राहा. पण ज्या दिवशी तुमचं दार कुणाला ठोठवावं लागेल, त्या दिवशी बॅग भरायची. तुमचाच नियम आहे.”

“कबूल,” विल्फ म्हणाला. “भट्टीवाल्याच्या चिमणीतून धूर नाही, असं होत नसतं.”

मग हिवाळा आला, आणि विल्फने आपली संकटं लपवायचा उद्योग सुरू केला.

आमच्याकडे संडासाचा डबा भरला की तो हातात धरून काठाकाठाने टाकीपर्यंत न्यावा लागतो. नोव्हेंबरात पहिलं दव गोठलं त्या सकाळी विल्फचा पाय फळीवरून सटकला. त्या एका क्षणात त्याच्यापुढे दोन पर्याय होते, आणि त्याने डबा वाचवला. डबा काठावर उभा, आणि विल्फ छातीभर पाण्यात. आम्ही त्याला वर ओढलं तेव्हा त्याने पहिलं काय विचारलं असेल, तर झाकण नीट बसलंय ना. संध्याकाळी लोरेनचा फोन आला. “हो हो, झाली ना आंघोळ,” तो म्हणाला. “आज जरा गारच पाणी होतं.”

मग गॅसची तऱ्हा. थंडी वाढली की निळ्या सिलिंडरमधला गॅस बाहेर यायलाच तयार नसतो, म्हणून हिवाळ्यात सगळे लाल सिलिंडर घेतात. विल्फने निळाच घेतला, कारण बोटीचा रंग निळा. मग ग्लॅडिसचा लोकरी स्वेटर सिलिंडरला घालून आणि पोटाशी गरम पाण्याची पिशवी बांधून तो त्याची मनधरणी करत बसला. ते पाणी मात्र तो माझ्याकडून तापवून न्यायचा. “सर्दी झालीय त्याला,” तो सांगायचा. न्याहारीचे तीन ओटकेक गरम व्हायला एके दिवशी दुपारच्या जेवणाची वेळ झाली. ओटकेक म्हणजे ओटच्या पिठाचं धिरडं, आत चीज घालून गुंडाळलेलं. ते गार खाणारा माणूस आमच्या भागात परका समजला जातो.

चिमणी तर झाडाच्या फांदीने उडवून कालव्यात पाडलीच. ती त्याने दोरीला चुंबक बांधून बाहेर काढली. सोबत दोन सायकली आणि एक लोखंडी पलंगही निघाला, पण त्याचं श्रेय कुणी त्याला दिलं नाही.

यात हसण्यासारखं खूप होतं आणि आम्ही हसलोही. पण ती बोट त्याच्या हातून जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. त्या बोटीत ग्लॅडिसने रंगवलेले गुलाब होते, आणि तिच्या खुर्चीवर तो अजूनही कुणाला बसू देत नसे.

जानेवारीत कालवा गोठला. काठापासून काठापर्यंत बर्फ, बदकं वरून चालत जाताहेत. कोळसा, डिझेल, गॅस सगळं आमच्याकडे कोळशाची बोट घेऊन येते, आणि ती बोट चार लॉक, म्हणजे कालव्याचे चार दरवाजे, पलीकडे बर्फात अडकून बसली. रस्ता लांब, त्यावर बर्फाची काच झालेली. ज्याच्याकडे होतं त्याने पुरवून वापरायचं. पुरवून वापरणं विल्फला माहीत नव्हतं. तो शेगडीचं दार उघडं टाकायचा. म्हणे आगीला श्वास घेऊ द्यावा. कारखान्यात कोळसा मालकाचा होता.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. विल्फच्या चिमणीतून धूर यायचा. पहाटे यायचा, दुपारी यायचा, अंधार पडेपर्यंत यायचा. दाट, पिवळट, कालव्यावर लोळणारा धूर. लोरेनने फोन करून मला विचारलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, धूर आहे, भरपूर आहे.

म्युरिएल माझ्याकडे चहाला आली आणि खिडकीतून बराच वेळ बघत राहिली.

“बदका,” ती म्हणाली. आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना लाडाने बदकाच म्हणतात. “आपण कोणता कोळसा जाळतो?”

“बिनधुराचा.”

“मग? सकाळी उकरताना घटकाभर धूर, नंतर निखारा पडला की काही नाही. तुझ्या चिमणीतून आत्ता येतोय?”

नव्हता येत. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिवसभर धूर म्हणजे आत निखारा नव्हताच. म्हातारा ओले पेपर, पुठ्ठे, काठावरचा पालापाचोळा जाळत होता. ऊब त्यात कणभर नाही, पण धूर भरपूर. आणि ज्या माणसाने जन्मभर भट्ट्या पेटवल्या, त्याला एवढं आठवू नये, की चांगली आग धुरत नाही.

आता त्याला सरळ कोळसा द्यावा, तर तो घेणार नाही. भट्टीवाल्याला कोळशाची भीक? मग म्युरिएलने शक्कल लढवली. आमच्या पबमध्ये दर शुक्रवारी सोडत असते, बक्षीस म्हणून मांसाचं ताट. मालक क्लाइव्हला तिने पटवलं, या शुक्रवारी बक्षीस कोळशाची गोणी. गोणी म्युरिएलची शेवटून दुसरी. टोपीत टाकलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर विल्फचाच आकडा होता, त्यामुळे विल्फ जिंकला. टाळ्या झाल्या. विल्फ उभा राहिला आणि त्याने गोणीवर हात ठेवला.

“माझ्याकडे रगड कोळसा आहे,” तो म्हणाला. “तुम्ही माझा धूर बघताच. ही गोणी मी म्युरिएलला देतो. बिचारीच्या चिमणीतून दिवसभर काही येताना दिसत नाही.”

टाळ्या आणखी झाल्या. म्युरिएल स्वतःची गोणी स्वतःच्या चाकगाडीवर घालून घरी घेऊन आली. वाटभर ती जे बोलत होती, ते इथे लिहिता येणार नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी विल्फच्या चिमणीतून धूर नव्हता.

मी बाहेर आलो तेव्हा म्युरिएल आधीच पायवाटेवर उभी होती, झोपेच्या कपड्यांवर कोट घालून. चर्चचे टोले पडायला लागले. आम्ही दोघं मोजत नसल्यासारखं करत मोजत होतो. नऊ पडले.

“ठोठव,” म्युरिएल म्हणाली.

“तू ठोठव.”

“मी नाही. मी ठोठवलं की त्याची बोट गेली. तुझा त्याच्याशी जास्त घरोबा.”

“पेपर फार ओला असेल. पेटत नसेल. थांबू जरा.”

“हो ना. थांबू.”

आम्ही थांबलो. पाय बधिर झाले. ज्याच्यावर आमचा जीव होता, त्याच्याच दाराशी आम्ही गप्प उभे होतो, आणि कारण काय, तर त्याच्यावर जीव होता. एकाएकी मला अर्नल्डचं कण्हणं आठवलं, जे मी ऐकलंही नव्हतं. मी भयंकर घाबरलो. लॉक उघडायचं लोखंडी हँडल उचललं आणि दारावर घातलं. उत्तर नाही. पुन्हा घातलं. म्युरिएल रडायलाच लागली.

तिसऱ्यांदा हात उगारला, तेव्हा कडी सरकल्याचा आवाज आला.

दारात विल्फ. अंगावर होते नव्हते तेवढे कोट, डोक्यावर ग्लॅडिसची चहाच्या किटलीवर घालायची टोपी. ओठ निळे.

“किती वाजले?” त्याचा आवाज घोगरा झाला होता.

“साडेनऊ होताहेत.”

“नियम नऊचा आहे!” आवाज नसतानाही तो ओरडला. “अर्धा तास कुठे मेला होतात? आत बसून ऐकतोय, तू ठोठव, तू ठोठव! बोटांत काडी धरवत नाही, घशातून आवाज फुटत नाही, पण कान शाबूत आहेत माझे!”

आम्ही त्याला माझ्या बोटीत नेलं, शेगडीपुढे बसवलं, गरम गोड चहा पाजला. थरथर थोडी थांबली, तशी म्युरिएल म्हणाली, “विल्फ, ऐक. कुणी बघितलं नाही. आम्ही ठोठवलंच नाही, असं समजायचं.”

विल्फने कप खाली ठेवला. मला वाटलं, हो म्हणेल. त्याला हो म्हणायचं होतं, ते दिसत होतं.

“ठोठवलं ते ठोठवलं,” तो म्हणाला. “आज तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, तर उद्या तुझ्या दाराशी दोघं उभे राहतील, म्युरिएल, आणि तेही थांबू जराच म्हणतील. फोन दे.”

त्याने लोरेनला फोन लावला. “ठोठवलं,” एवढंच म्हणाला, आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे लोरेन रडत होती.

तो टेकडीवर राहायला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी बर्फ फुटला आणि कोळशाची बोट आली.

‘मिडसमर’ विकायची म्हणून लोरेनने पाटी लावली होती. ती पाटी वाऱ्याने कालव्यात पडली, आणि चुंबकाला लाकूड चिकटत नाही, म्हणून आम्ही काढली नाही. नळ फुटू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा मी तिथे शेगडी पेटवतो. विल्फची खोली इतकी गरम आहे, की तो खिडकी सताड उघडी टाकून बसतो. इमारतीचे लोक कुरकुरतात.

मागच्या आठवड्यात मी चांगला कोळसा भरून झोपलो. सकाळी निखारा लालभडक, उकरायचीही गरज नाही. बोट उबदार, मी ओटकेक शेकतोय, तेवढ्यात फोन वाजला.

“धूर कुठंय?” विल्फ.

“तुला कसं कळलं?”

“तिसरा मजला आहे. ग्लॅडिसची पक्षी बघायची दुर्बीण आहे. टोले पडून गेले. कोळसा संपलाय की तू?”

“अरे, चांगली आग आहे आत. चांगली आग धुरत नाही. तू भट्टीवाला ना?”

“ते मला शिकवू नकोस. धूर नाही म्हणजे नाही. लोरेन गाडी काढतेय. ठोठवायला पाठवतो तिला.”

तेव्हापासून रोज नऊच्या आत मी एक जुना पेपर पाण्यात भिजवतो आणि शेगडीत घालतो. सगळ्या बोटीत धूर होतो, डोळ्यांतून पाणी येतं. मग दार उघडून टेकडीकडे हात हलवतो.