तिकीट काढ
मशीनच्या तेलाचा वास आला की मला शिरवळचा तो मोठा कारखाना आठवतो. त्याआधी मी उंब्रजला चार माणसांच्या वर्कशॉपमध्ये होतो. तिथं काही बिघडलं की मालक म्हणायचे, "बघ रं जरा," आणि जवळ असेल तो पाना घेऊन धावायचा. शिरवळला नवा असताना शेजारच्या मशीनखालून तेल गळताना दिसलं, येण्याजाण्याच्या वाटेवरच पसरत होतं. मी पाना घेऊन वाकलो, तोच सुपरवायझर आला. "हात लावू नको. आधी तिकीट काढ." तिकीट म्हणजे एसटीचं, गावाकडचं, दुसरं काय असणार? मी डबा उचलून गेटकडे निघालो. त्या मशीनवरचे काका मागनं आले. "कुठं निघालास गड्या?" "सायेब गावाला जा म्हणालं." काका लय हसले. "आरं, तिकीट म्हंजे तक्रार. कॉम्प्युटरवर टाकायची, मग दुरुस्तीवाली येत्यात." मी तक्रार टाकली. दुरुस्तीवाले काही येईनात. पाना चालवता येणारे आम्ही सगळे त्या तेलाला वळसा घालून चालत राहिलो. जेवणाच्या सुट्टीनंतर काका त्याच तेलावरून घसरले, मनगट मोडलं. सुपरवायझर धावत आला आणि त्यानं पहिलं मला विचारलं, "तिकीट काढलं होतंस ना?" मी हो म्हणालो, तसा त्याचा जीव भांड्यात पडला. आज मी त्याच गेटवर कामगारांना युनियनची पत्रकं वाटतो आणि कंपनीला चार शब्द सुनावतो. पण काका समोर कण्हत असताना त्या सुपरवायझरला हायसं कशाचं वाटलं, ते मला अजून कळलेलं नाही.