रुंद पडद्यावरच्या शांताक्का

दुकानदार खरं बोलत होता, की नवा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात मारत होता? मला अजून सांगता येत नाही.

आज गुंद गावातल्या माझ्या अर्ज भरायच्या सेंटरवर जुन्या कॉम्प्युटरला नवा रुंद मॉनिटर जोडला. सगळं आडवं ताणलेलं दिसायला लागलं. मॉनिटर विकणारा दुकानदार फोनवर म्हणाला, "कॉम्प्युटरच बदला."

पेन्शनचा अर्ज भरायला आलेल्या शांताक्का पडद्यावर अर्जावरचा स्वतःचा फोटो बघून ताडकन उठल्या. "हे माझं तोंड न्हाई. कुणाच्या नावावर घालतीस गं माझी पेन्शन?"

मी दुकानदारावर संशय घेत होते, आणि अक्का माझ्यावर!

मॉनिटरच्या मेन्यूत चित्राचा आकार जुन्या मॉनिटरसारखा केला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, पण मधे अक्काच दिसल्या.

"व्हय, ही मीच," म्हणत त्यांनी अंगठा दिला.

तुम्ही काय केलं असतं? मी दुकानदाराला 'नको' कळवलं. पट्ट्या तशाच ठेवल्यात.