आपांनी धरलेला श्वास

दुपारच्या सुट्टीत, शाळेत डबा उघडत होते तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नाव, नसरीनआपा. दरवर्षी याच सुमारास त्यांचा फोन यायचा, “ताई, फोटोची वेळ झाली.” म्हणून मीच आधी बोलले, “हो आपा, येते या आठवड्यात.” पलीकडून पुरुषाचा आवाज आला. “मी त्यांचा भाऊ. आपा सकाळी गेल्या. फोनमध्ये ज्यांची नावं आहेत त्यांना कळवतोय.” मेहरूण भागातल्या त्यांच्या घरी चहा गाळता गाळता त्या कोसळल्या होत्या. मेंदूत रक्तस्राव.

नसरीनआपा जळगावच्या एका दवाखान्यात मॅमोग्राफीच्या मशीनवर होत्या. स्तनांचे एक्स-रे काढायच्या. सहा वर्षांपूर्वी मी तिथं गेले ती केवळ मैत्रिणीच्या आग्रहाखातर. हाताला गाठ लागत नव्हती, दुखत नव्हतं. आपांनी चार फोटो काढले आणि पडद्यासमोर थबकल्या. काळोखात माझंच अंग चंद्रासारखं फिकट दिसत होतं, आणि त्यात एका जागी मिठाचे चार-पाच दाणे सांडल्यासारखे ठिपके. “हे काय, आपा?” “ते डॉक्टर सांगतील. अजून एक काढू, जवळून.” आवाज मघासारखाच होता, पण माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात गार पडला होता.

सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, पण अजून दुधाच्या नळीतच होता, बाहेर पसरला नव्हता. ऑपरेशननंतर आपा पिंप्राळ्याला आमच्या घरी आल्या, जेवायला थांबल्या. वाढता वाढता पाहिलं, तर त्या ताटातल्या मिठाकडे टक लावून बसलेल्या. म्हणाल्या, “बायांचे चेहरे विसरते मी ताई, आतलं विसरत नाही. यावलची एक होती. तीनदा निरोप धाडला, केळीची कापणी सोडून ती आलीच नाही. आली तेव्हा उशीर झाला होता. ती गेली... तिचा फोटो जात नाही डोळ्यांपुढून.”

आपांना जाऊन महिना झाल्यावर मी तपासणीला गेले. मशीनवर नवी मुलगी होती, नागपूरची. तिनं मला दोन पट्ट्यांमध्ये नीट उभं केलं, काचेमागे गेली, आणि माझ्या कानाशी आपा बोलल्या, “माय, श्वास रोकी ले. हालू नको.” मी इतकी दचकले की फोटो हलला. मुलगी धावत आली. “सॉरी मॅडम, सांगायचं राहिलं. खेड्यातल्या बायकांना माझं बोलणं कळत नाही, म्हणून मी हाताखाली शिकत होते तेव्हाच आपांनी अहिराणीत रेकॉर्ड करून दिलंय. बंद करू?”

माझं माहेर धुळ्याकडचं. घरात आता त्या भाषेत मला माय म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. म्हटलं, “राहू दे.”

पुन्हा पट्ट्या आवळल्या. “श्वास रोकी ले...” मी रोखला. स्पीकरमध्ये रेकॉर्डिंगच्या वेळचा पंखा फिरताना ऐकू येत होता, बाकी काही नाही. ती शांतता कशाची ते मला उभ्या उभ्या कळलं. वेळ बरोबर यावी म्हणून बोलता बोलता आपांनीही श्वास धरला होता. आम्ही दोघी तशाच थांबलो...

“बठ्ठं व्हई गयं, माय. आते सोड.”

आणि माझ्याबरोबर स्पीकरमधूनही एक लांब श्वास सुटला.