भिंतीवरचा मऊ टायर

ऑलिव्हच्या घाण्यांचा हंगाम सुरू झाला की आमच्या स्फाक्स गावाबाहेरच्या रस्त्याला जी दुर्गंधी सुटते, तिला नुसता वास म्हणणे ही भाषेची सभ्यता झाली. तेल काढून घेतल्यावर उरणारे काळे, आंबूस पाणी टँकरमध्ये भरून गावाबाहेर न्यायचे असते. त्या टँकरच्या तोट्या नीट बंद असाव्यात, अशी अपेक्षा मात्र येथे कोणी कोणाकडून करीत नाही. मग डांबरावर चिकट, काळपट साय धरते. तिच्यावर एकदा पाय पडला, तर जोडा घरात आणवत नाही. अब्देलवाहेद केताता त्याच रस्त्यावरून आठवड्यातून तीनदा, बायकोला मागे बसवून, मोटरसायकलने इस्पितळात जात असे.

हा गृहस्थ माझा सख्खा शेजारी. आमची भिंत एकच. चपलांच्या कारखान्यात रबरी सोल कापण्यात त्याची हयात गेली. हातात आलेली कोणतीही वस्तू तो प्रथम उलटी करून पाही आणि ती किती टिकेल, याचा निकाल देई. त्याच्या घरी चांगल्या चिनी बशा कपाटात असत आणि कुसकुस तडकलेल्या थाळ्यांतून वाढले जाई. बैठकीच्या खुर्च्यांवरचे दुकानातले प्लास्टिक लग्नापासून निघालेले नव्हते. उन्हाळ्यात पाहुणा उठला, की त्याच्या पाठीला चिकटून तेही थोडे उठे.

त्याची पत्नी सलहा हिची मूत्रपिंडे निकामी झाली होती. शस्त्रक्रिया करून तिच्या डाव्या हातात एक जाड शीर तयार केलेली होती. डायलिसिसच्या वेळी तिचे रक्त त्या शिरेतूनच यंत्रात जाई आणि परत येई. त्या हाताला धक्का लागता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. झोपलेले तान्हे मूल सांभाळावे तसा ती तो हात मांडीवर सांभाळी.

एका हिवाळ्यात घाण्यापाशी गाडीचे पुढचे चाक सरकले. कोणाला इजा झाली नाही, पण सलहाने मागे बसण्यास साफ नकार दिला.

"टायर बदलल्याशिवाय मी बसायची नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मास्तर, तुम्ही जा ह्यांच्याबरोबर. एकटे गेले तर दगडाचा टायर घेऊन येतील."

म्हणून मी सादोकच्या टायरच्या दुकानात गेलो. तेथे चहाचे पेले घेऊन बसलेली मंडळी कायमची असते. आपला टायर किती वर्षांचा, यावर आमच्या गावात पुरुषाची प्रतिष्ठा ठरते. झिजून पूर्ण गोटा झालेला टायर अभिमानाने दाखवणारे सभ्य लोक मी पाहिले आहेत.

सादोकने दोन टायर पुढ्यात ठेवले. एकात त्याने अंगठ्याचे नख रुतवले, खूण राहिली. दुसऱ्यात रुतवले, राहिली नाही.

"हा कडक. म्हातारा होशील, पण हा झिजणार नाही. मात्र ओल्यात साबणासारखा निसटतो. हा मऊ. रस्ता पकडून ठेवतो, पण खोडरबरासारखा संपतो. मागं कडक राहू दे, हरकत नाही. पुढं तरी मऊ घाल. पुढचं चाक गेलं की माणूस गेला."

"मऊ घेतलास तर या ईदला नवा आणि पुढच्या ईदला गोटा!" कोपऱ्यातून एक जण ओरडला.

"अरे, त्याला टायर नको, लोणी हवंय. पावाला लाव, अब्देलवाहेद!"

अब्देलवाहेदचा चेहरा लाल झाला. "दहा महिने रस्ता खडखडीत कोरडा असतो, मास्तर. दहा महिने मी वाळूवर लोणी घासत फिरू?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य होते, हे मी नाकारीत नाही. मी म्हणालो, "मग दोन्ही ठेव. हंगामात मऊ घाल, एरवी कडक."

"टायर आहे का स्वेटर?" कोपऱ्यातून कोणी तरी म्हणाले आणि दुकान हसले.

तरीही त्याने मऊ टायर घेतला. एक गोष्ट रीतसर मार्गी लागली, अशा समाधानात मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात पाहतो तो काय! तो टायर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून, पावाच्या भट्टीवरच्या भिंतीतल्या खिळ्याला टांगलेला. गाडीला जुना कडकच.

"अरे, बसवला नाहीस?"

"आज रस्ता बरा आहे, मास्तर. असल्या घाणीत चांगली वस्तू कशाला नासवायची?"

"घाणीसाठीच तर आणलास ना तो?"

"हंगाम जोरात आला की लावतोच."

सलहा आतून म्हणाली, "अहो, जोरात म्हणजे मी आडवी झाल्यावर का?"

तो हंगाम गेला, त्यापुढचाही गेला. सलहाने आपल्यापुरता तोडगा काढला. घाण्याचे वळण आले की ती उतरे, उजव्या हाताने झग्याचा घोळ उचलून त्या काळ्या चिखलातून चालत जाई आणि पलीकडे पुन्हा गाडीवर बसे. आजारी बायको घाणीतून चालत होती आणि टायर भिंतीवर स्वच्छ होता. हे दृश्य पाहून मला शिसारी येई. ती शिसारी त्या पाण्याची नव्हती.

तिसऱ्या हंगामात ते पडले. घाण्यापाशी नव्हे, तेथे ती नेहमीप्रमाणे उतरली होती. टँकरच्या चाकांनी ती साय पार इस्पितळाच्या चौकापर्यंत वाहून नेली होती, एवढेच. वळताना पुढचे चाक निसटले आणि सलहा नेमकी डाव्या हातावर आदळली. शीर बंद पडली. डॉक्टरांनी मानेतून नळी घातली. उजव्या हातात नवी शीर करता येईल का, ते पुढे पाहू, म्हणाले.

ती घरी आली त्या दिवशी अब्देलवाहेदने टायर खाली काढला आणि बसवून देण्यासाठी सादोकला बोलावून आणले. मीही तेथे होतो. सादोकने कागद सोडला, नख रुतवले. खूण राहिली नाही. त्याने टायर वाकवला. खाचांच्या मुळाशी बारीक भेगा उघडल्या. इतकी वर्षे तो भट्टीच्या धगीत वाळत होता.

"हा मेला, अब्देलवाहेद. रबर आहे ते. ठेवून मुरायला मुरांबा नव्हे."

"पण एक दिवस वापरला नाही हो! एक दिवससुद्धा नाही!"

हे तो फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाच्या स्वरात बोलला. मानेला पट्टी बांधलेली बायको चार हातांवर बसली होती. त्याची नजर भेगांवरच होती. आयुष्यात कोणाचा इतका तिटकारा मला आला नसेल.

"सादोकभाऊ, नीट गुंडाळून द्या त्यांना," सलहा शांतपणे म्हणाली. "परत टांगू देत. माझ्यामागं दाखवायला होईल."

मग ती उठली. शिवणाच्या डब्यातून कात्री काढून बैठकीत गेली आणि उजव्या हाताने पहिल्या खुर्चीचे प्लास्टिक टराटरा कापू लागली.

"अगं, अगं! खुर्च्या मळतील!"

"मळू देत. मास्तर, बसा. सादोकभाऊ, तुम्हीही बसा. त्या कपाटातल्या बशा काढा कुणीतरी. आज त्यांत खायचं. आणि अहो, तुम्हीही बसा. बसून तर बघा, खुर्ची कशी लागते."

पुढच्या खेपेपासून ती भाड्याच्या मोटारीने जाणार, हेही तिने तेव्हाच सांगून टाकले. कोणाचे मत विचारले नाही. मी बसलो. खुर्ची खरोखरच मऊ होती. अब्देलवाहेदही बसला, अगदी कडेवर, कापड दबू नये अशा बेताने. आणि कापून टाकलेले प्लास्टिक जमिनीवरून गोळा करून, मांडीवर घेऊन, त्याच्या घड्या घालू लागला.