फळ्यावरचा निष्कर्ष

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प अहवाल कसा लिहायचा ते शिकवत असे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माझा नमुना अजून चालू आहे. म्हणून हे लिहितो.

आधी प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, प्रस्तावना, उद्दिष्टे, पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष, शेवटी संदर्भ. यात चूक काही नव्हती. पण वेळ वाचावा म्हणून निष्कर्ष मी जूनमध्येच फळ्यावर लिहून द्यायचो. मुलं दिवाळीनंतर पाहणीला जायची आणि बरोबर त्या निष्कर्षापाशी पोचायची. एकदाही कुणी वाट चुकलं नाही. ऋणनिर्देशाच्या बाबतीत मात्र मी कडक होतो. त्यात ग्रंथपाल माझ्या आधी आले, की अहवाल परत.

एका वर्षी विषय होता यंत्रमाग कामगारांचं जीवन. फळ्यावर मी लिहिलं, 'कामगार एकंदरीत समाधानी आहेत.' मागाच्या कारखान्यात मी स्वतः कधी गेलो नव्हतो. ती धडधड मला सोसत नसे.

वर्गातल्या एका मुलीचे वडील मागावर टॉवेल विणायचे. घरात तेलुगू, माझ्यासमोर जपून मराठी. ही मुलगी खरोखरच कारखान्यात जाऊन प्रश्न विचारून आली. निष्कर्षाच्या पानावर तिनं लिहिलं, की जुन्या कामगारांना कमी ऐकू येतं. समाधानी आहात का, असं विचारलं की ते हसून मान हलवतात, कारण प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. शेवटची ओळ तिची अशी होती: 'माझे वडीलही अशीच मान हलवतात.'

अहवालात घरचं काही आणायचं नसतं, असं मी तिला सुनावलं.

"पण सर, त्यांना खरंच ऐकू येत नाही."

"ऐकू येणं आपल्या उद्दिष्टांत नाही," मी म्हणालो. तेव्हा हे वाक्य मला फार शास्त्रीय वाटलं होतं.

तिनं माझ्यासमोरच ते पान फाडलं आणि फळ्यावरचं वाक्य उतरवून घेतलं. वर्गात सर्वांत जास्त गुण मी तिला दिले. ऋणनिर्देश उत्तम होता.

गेल्या महिन्यात नवी पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात ती भेटली. आता बार्शीला कॉलेजात शिकवते. समोर विद्यार्थ्यांच्या अहवालांचा गठ्ठा, बाइंडिंगला आणलेला. इतकी वर्षं अडकलेलं मी बोलून टाकलं. तुझं पान खरं होतं, म्हणालो.

"माहीत होतं की सर. पण गुण लागत होते."

तू मुलांना निष्कर्ष आधी देतेस का, असं भीतभीतच विचारलं. ती गठ्ठा सारखा करत राहिली.

"तुमचाच नमुना आहे, सर."

वडील कसे आहेत, विचारलं. आता काहीच ऐकू येत नाही, म्हणाली. "मान हलवतात अजून."

ते पान आता कुठेच नाही. आठवलं तेवढं वर लिहिलं आहे. हे कागद मी तिला बार्शीला पाठवतो आहे. तिनं ते वर्गात वाचून दाखवावेत, माझ्या नावानिशी, आणि त्या दिवशी फळा कोरा ठेवावा.